ओझे कोणाचे?

(मननासाठी शास्त्रभाग : गलतीकरांस पत्र, अध्याय ६, वचने १ ते ५)



गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौलाने अगदी जवळजवळच्या वचनांत दोन गोष्टी सांगितल्या आहेत, आणि वरवर पाहता त्या एकमेकींच्या विरुद्ध दिसतात. दुसऱ्या वचनात तो म्हणतो की, ख्रिस्ती जनांनी परस्परांची ओझी उचलावी. आणि पाचव्यात म्हणतो की, ज्याचा भार त्यासच वाहावा लागेल. शब्बाथ शाळेतील एखादा चलाख मुलगा सहज विचारील, "पाळकसाहेब, यांतील खरे कोणते? दुसऱ्याचे ओझे मी घ्यावे, की ज्याचे त्याने वाहावे?"

हा प्रश्न केवळ पुस्तकातला नाही. ज्या घरात एखादे लेकरू चालू शकत नाही, बोलू शकत नाही, पाहू शकत नाही, किंवा ज्याचे वय पंधरा झाले तरी समज तीन वर्षांच्या बालकाची राहिली आहे, त्या घराच्या उंबरठ्यावर हा प्रश्न नित्य उभा असतो. मंडळीतील माणसे त्या उंबरठ्याशी येतात आणि बहुधा दोहोंपैकी एक उत्तर देऊन परत फिरतात. कोणी म्हणतो, "देवाने हे लेकरू तुम्हांसच दिले, कारण तुमच्या अंगी सोसण्याचे बळ आहे हे तो जाणतो." कोणी म्हणतो, "यास एखाद्या मिशनच्या संस्थेत ठेवा. तेथे चांगली सोय होते." पहिल्या उत्तराने सगळा भार आईबापांवर राहतो, दुसऱ्याने तो दूरच्या परक्यांवर जातो. दोन्ही उत्तरे कनवाळूपणाची वाटतात खरी. परंतु एका गोष्टीत ती सारखीच आहेत. दोहोंतही उत्तर देणाऱ्याचे हात मोकळे राहतात.

आता मूळ वचनांकडे पाहू. ग्रीक भाषेत ह्या दोन ठिकाणी दोन निरनिराळे शब्द आहेत. दुसऱ्या वचनात ‘बारोस’ हा शब्द आहे. दडपून टाकणारे वजन, असा त्याचा भाव. पाचव्यात ‘फोर्तियोन’ हा शब्द आहे. ज्याचे त्याने न्यावयाचे गाठोडे, असा त्याचा भाव. प्रभूने आपले ओझे हलके आहे असे मत्तयाच्या अकराव्या अध्यायात म्हटले, तेथेही हाच दुसरा शब्द आहे. हे दोन शब्द अर्थाने काही ठिकाणी एकमेकांच्या जवळ येतात, तरी येथे प्रेषिताने ते वेगळे ठेवले आहेत, आणि त्यामुळे विरोध नाहीसा होतो. आठवड्याच्या बाजाराहून येताना जो तो आपले गाठोडे आपल्याच डोक्यावर आणतो. त्यात कोणास अन्याय वाटत नाही. पण वाटेत कोणाच्या गाडीचे चाक चिखलात रुतले, तर "तुझी गाडी, तूच काढ" असे कोणी शहाणा म्हणत नाही. गाडी त्याचीच असते. खांदे मात्र सर्वांचे लागतात.

तेव्हा खरा प्रश्न असा : अपंग लेकराच्या घरी गाठोडे कोणते, आणि रुतलेले चाक कोणते? माझे म्हणणे असे की, लेकरू हे त्या आईबापांचे गाठोडे होय, आणि बहुतेक आईबाप त्यास ओझे म्हणतही नाहीत. रुतलेले चाक दुसरेच आहे. आणि पुष्कळ अंशी ते आपणच रुतू दिले आहे.

प्रथम हे पाहावे की अशी घरे थोडी नाहीत. २०११ सालच्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग माणसांची नोंद झाली. महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. सबंध देशाचे मान दर हजारी सुमारे २२ पडते, आणि ह्या माणसांपैकी दर दहांत सुमारे सात खेड्यांत राहतात. त्या जनगणनेत अपंगत्वाचे आठच वर्ग धरले होते. पुढे २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने २१ प्रकार मानले. म्हणजे हजार वस्तीच्या गावात अशी वीसबावीस माणसे असावीत, आणि त्यांत काही लेकरे असावीतच. आता गेल्या रविवारची उपासना आठवावी. ती लेकरे तेथे होती काय? नसतील तर कोठे होती, आणि त्यांच्याजवळ कोण बसले होते?

रुतलेल्या चाकाचा पहिला चिखल म्हणजे दोष. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधास पाहून शिष्यांनी प्रभूस विचारले की, हे कोणाच्या पापाचे फळ, ह्याच्या की ह्याच्या आईबापांच्या? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. तरी तो प्रश्न आपल्या गावांतून गेलेला नाही. त्याने केवळ वेष पालटला आहे. शेजारी म्हणतात, गर्भारपणी ही बाई ग्रहणात बाहेर पडली. ख्रिस्ती माणूस ग्रहण मानीत नाही. तो म्हणतो, घरात काही गुप्त पाप असेल, किंवा विश्वास उणा पडला असेल. वेष दोन, काटा एकच. आणि तो बहुधा आईलाच टोचतो.

वस्तुस्थिती अशी आहे की, कित्येक बालके जन्मताच रडत नाहीत, त्यांच्या मेंदूस प्राणवायू कमी पडतो, आणि पुढे हातपाय ताठतात. कित्येकांची जन्मानंतरची कावीळ वेळेवर उपचार न झाल्याने मेंदूपर्यंत पोहोचते. कित्येकांच्या मातेस गर्भारपणाच्या आरंभी रुबेला झालेला असतो. ज्यास ‘डाउन सिंड्रोम’ म्हणतात त्यात एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असते, हे १९५९ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखवून दिले. गुणसूत्रांची ती वाटणी कोणाच्या पापाने चुकत नाही. रक्ताच्या नात्यात लग्ने केल्याने काही विकारांचा संभव वाढतो हे मात्र खरे आहे, आणि मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची चाल जेथे आहे तेथे पाळकाने व वडीलमंडळाने ते स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु ते लग्न ठरण्यापूर्वी सांगावे. लेकरू झाल्यावर आईस टोचण्यासाठी सांगू नये. जो दोष प्रभूने ठेवला नाही तो ठेवण्याचा अधिकार मंडळीस कोणी दिला?

दुसरा चिखल म्हणजे थकवा. ज्या लेकरास मान सावरता येत नाही त्यास भरवावयास एकेका जेवणाला तास तास लागतो. आडवे निजवून भरवले तर घास श्वासनळीत जाण्याची भीती; म्हणून मांडीवर किंवा आधाराच्या खुर्चीत बसवून, मान किंचित पुढे झुकवून, लहान लहान घास द्यावे लागतात. मग धुणे, अंग पुसणे, कूस पालटणे, औषध. पाच वर्षांचे लेकरू आई कडेवर घेते. तेच पंधरा वर्षांचे झाले म्हणजे तिची कंबर जाते. बाप मजुरीस किंवा ऊसतोडीस गेलेला. घरातील धडधाकट भावंडे लवकरच पोक्त होतात, कारण त्यांच्याकडे पाहावयास कोणास वेळ नसतो. लग्नाचे बोलावणे येते, जाता येत नाही. उपासनेची घंटा वाजते, जाता येत नाही. अशा घरांतील आया पाळकाजवळ पैसा क्वचित मागतात. घटकाभर डोळा लागावा, एक दिवस बहिणीकडे जाऊन यावे, कोणीतरी ह्याच्याजवळ निर्धास्त बसावे, एवढेच मागतात.

येथे मार्काच्या नवव्या अध्यायातील बापाची गोष्ट ध्यानात आणावी. त्याचा मुलगा लहानपणापासून झटके येऊन विस्तवात व पाण्यात पडे. तो त्यास शिष्यांकडे घेऊन आला. त्यांच्याने काही झाले नाही. आणि प्रभू डोंगरावरून उतरून आला तेव्हा शास्त्री शिष्यांशी वाद घालीत होते. वाद चालू, आणि बाप लेकराला घेऊन उभा! प्रभूने मुलाला आपणाकडे आणविले, आणि काही करण्यापूर्वी बापास एक प्रश्न विचारला : हे ह्यास किती काळापासून होत आहे? सर्व जाणणाऱ्यानेही आधी विचारले, आणि बापाने सांगितलेले ऐकून घेतले. ज्यास ह्या सेवेत शिरावयाचे आहे त्याचा पहिला धडा हाच. उपदेश नव्हे, उपाय नव्हे, आधी ऐकणे.

ह्यावर कोणी म्हणेल, "अशा लेकरांसाठी मिशनने पुष्कळ केले आहे." खरे आहे, आणि त्याबद्दल देवाची स्तुती असो. १८८७ साली अमृतसर येथे अ‍ॅनी शार्प ह्या मिशनरी बाईने अंधांसाठी शाळा काढली. ती हिंदुस्थानातील अशी पहिली शाळा समजली जाते. १९०० साली, मोठ्या दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड ह्यांनी मुंबईत अंधांची शाळा उघडली. केडगावच्या मुक्ती मिशनात पंडिता रमाबाईंनी अंध स्त्रियांस आसरा दिला, आणि त्यांच्या बोटांस ब्रेलची अक्षरे शिकविण्यात आली. ही कामे थोर होत. परंतु त्यांच्या थोरपणानेच आपणांस एक वाईट सवय लागली. अशी लेकरे म्हणजे संस्थेचे काम, असे आपण समजू लागलो. संस्था कितीही चांगली असो, बहुतेक अपंग लेकरे आपल्या घरीच वाढतात, आणि रात्री दोन वाजता लेकराची कूस पालटावयास संस्था येत नाही. ते काम आई करते, आणि तिला पहाटे घटकाभर निजू देणे हे शेजाऱ्याच्याच हातचे काम आहे.

हे काम इतर ठिकाणी विश्वासणाऱ्यांनी कसे उचलले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत जोनी एरिक्सन ही मुलगी १९६७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, चेसापीक उपसागरात सूर मारताना मानेचे हाड मोडून हातापायांनी लुळी झाली. तिने १९७९ साली ‘जोनी अँड फ्रेंड्स’ ही सेवा आरंभिली. तिच्या वतीने अपंगांच्या कुटुंबांसाठी शिबिरे भरतात, आणि मंडळ्यांतील साधे लोक आपल्या रजेचे दिवस देऊन तेथे येतात. अपंग माणसाबरोबर राहावयास एकेक स्वयंसेवक नेमून दिलेला असतो. त्यामुळे आईबापांस विसावा मिळतो, इतर कुटुंबांशी बोलता येते, आणि कित्येक दिवसांनी निवांत उपासना करता येते.

फ्रान्सात एका जोडप्यास, दोन मुले अतिशय अपंग असल्यामुळे, लूर्दच्या यात्रेत इतरांबरोबर कोणी सामावून घेईना. त्या दुःखातून १९७१ च्या ईस्टरला सुमारे बारा हजार लोकांची यात्रा निघाली, आणि तिच्यातून ‘फेथ अँड लाइट’ नावाचे मंडळ जन्मास आले. त्यात अपंग व्यक्ती, त्यांची कुटुंबे आणि मित्र नियमाने एकत्र येतात, जेवतात, प्रार्थना करतात. त्याचा आरंभ रोमन कॅथलिक लोकांत झाला. चांगली गोष्ट शिकावयास आपणांस त्याची अडचण वाटू नये.

परंतु आपल्या वाचकांपैकी कित्येक म्हणतील, "शिबिरे भरविणे शहरच्या लोकांस शोभते. आम्ही हातावर पोट असलेली माणसे. आम्हांस ना पैसा, ना विद्या." त्यांनी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडकडे पाहावे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने तेथे काम आरंभिले, आणि गावांनीच निवडून दिलेल्या, पुष्कळशा निरक्षर अशा बायकांस आरोग्यसेविका म्हणून तयार केले. ज्यांस पूर्वी कोणी विचारीत नसे अशा त्या बायका गरोदर स्त्रियांची व तान्ह्या मुलांची काळजी घेऊ लागल्या, आणि तो प्रयोग पाहावयास देशोदेशीचे लोक आले. १९७९ साली त्या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. काळजी घेण्याची विद्या पदवीवाल्यांचीच नाही. शिकण्याची इच्छा आणि नेम पाळण्याची निष्ठा असली म्हणजे खेड्यातील बाईही ती शिकते, हे आपल्याच मुलखात सिद्ध झाले आहे.

आता हिशेब पाहू. मंडळीत बारा माणसे ह्या सेवेस तयार झाली असे धरा. त्यांच्या सहा जोड्या कराव्या. प्रत्येक जोडीने आठवड्यातून एक दिवस, दोन तास, त्या घरी जावे. ज्याच्या त्याच्या वाट्यास आठवड्याचे दोनच तास आले; परंतु त्या आईस आठवड्यात बारा तास मोकळे मिळाले. सातव्या दिवशी सर्वांनी मिळून त्या लेकरास उपासनेस आणावे. मंदिराच्या पायऱ्या आड येत असतील तर त्यांच्या कडेने उतार बांधावा. मार्काच्या दुसऱ्या अध्यायातील चौघांनी तर छपरच उकलले, आणि प्रभूने त्यांस घराची नासाडी केली म्हणून दोष दिला नाही, त्यांचा विश्वास पाहिला. लेकरू मध्येच ओरडले तर उपदेश क्षणभर थांबावा. उपासनेत शांतता असावी हे खरे. पण ज्या शांततेसाठी एक कुटुंब बाहेर ठेवावे लागते ती देवाची शांती नव्हे.

जाणाऱ्यांनी दोनचार गोष्टी मात्र शिकून घ्याव्या : भरवावे कसे, उचलावे कसे, आणि झटका आला तर काय करावे. झटका आल्यास लेकराला कुशीवर वळवावे, जवळच्या टणक वस्तू दूर कराव्या, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. चप्पल किंवा कांदा हुंगवू नये. हातपाय दाबून धरू नयेत. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर विलंब न लावता दवाखान्यात न्यावे. आणि प्रत्येक घराची रीत आईकडून शिकावी, कारण त्या लेकराच्या बाबतीत तीच गुरू आहे.

तिसरा चिखल म्हणजे कागद. शासनाच्या लेखी आता ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे, आणि त्या शब्दामागे पुष्कळ हक्क आहेत. पण ते कागदावाचून हाती येत नाहीत. चाळीस टक्के अथवा त्याहून अधिक अपंगत्वाचा दाखला असल्यास सहा ते अठरा वर्षांच्या मुलास त्याच्या पसंतीच्या जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला, आणि त्याच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत उपचारखर्चाची सोय आहे. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के अपंगांसाठी खर्च करावे असाही नियम आहे. परंतु तालुक्याच्या व जिल्ह्याच्या गावी तीन खेपा घालणे म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडणे, आणि त्या दिवसांत लेकराजवळ कोण? मंडळीतील शिकलेल्या तरुणांनी अर्ज भरावे, संगणकावर नोंदणी करावी, बरोबर जावे. तरुण संघास ह्याहून उत्तम काम क्वचितच मिळेल.

चौथा चिखल सर्वांत खोल आहे, आणि त्याचे नाव उद्या. "आमच्या माघारी ह्याचे काय?" हा प्रश्न आईबाप दिवसा बोलत नाहीत आणि रात्री विसरत नाहीत. कायद्याने अठरा वर्षे झाली की लेकरू सज्ञान ठरते. ज्यास स्वतःचे व्यवहार पाहता येत नाहीत अशा राष्ट्रीय न्यासाच्या कक्षेतील माणसासाठी जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो, आणि त्या समितीत जिल्हाधिकारी असतात. हे मंडळीने सांगावे. परंतु कायद्याने पालक मिळतो, घर मिळत नाही. घर कसे मिळते ते शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात आहे. योनाथानाचा पुत्र मफीबोशेथ पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडून दोन्ही पायांनी लंगडा झाला होता, आणि लो-दबार येथे परक्याच्या घरी राहत होता. त्याने काही मागितले नाही. दाविदानेच आधी विचारपूस केली. त्याची जमीन त्यास परत दिली, ती कसण्याची व्यवस्था लावली, आणि त्यास रोज आपल्या मेजावर बसविले. दारात भीक नाही, मेजावर जागा. हे दाविदाने योनाथानाशी केलेल्या करारासाठी केले. प्रियजनहो, एका भाकरीतून व एका प्याल्यातून आपणही एकमेकांशी करार केला आहे. मग आपल्या भावाच्या लेकरासाठी त्याच्या माघारी जागा राखणे हे उपकारात मोडते की कराराच्या पाळण्यात?

आता पाचव्या वचनाकडे वळू, कारण त्यातील अर्थ विसरल्यानेही पुष्कळ हानी होते. रुतलेले चाक काढावयास आलेल्यांनी गाडी आपल्या घरी नेऊ नये. लेकराविषयीचे निर्णय आईबापांचे. लेकरू जे स्वतः ठरवू शकते ते लेकराचे. आपण दोन तास बसलो म्हणून त्यांच्या चुलीवर, पैशावर, किंवा त्यांनी किती मुले होऊ द्यावी ह्यावर बोलण्याचा हक्क आपणांस येत नाही. लेकराचे छायाचित्र काढून, "पाहा, आमची मंडळी कशी सेवा करते" असे मिरवू नये. डाव्या हातास उजव्याचे कळू नये हा नियम येथेही लागू आहे.

प्रार्थना अवश्य करावी. तीवाचून आपली सेवा कोरडी होईल. परंतु अमुक दिवसांत लेकरू चालू लागेल असे वचन देवाच्या नावाने देऊ नये. ते वचन फळास आले नाही म्हणजे असे उपदेशक निघून जातात आणि उण्या विश्वासाचा ठपका मात्र आईच्या पदरी बांधून जातात. औषध बंद करा असे तर कोणीही, कोणत्याही आत्मिक आवेशाने, सांगू नये. प्रभू आजही सामर्थ्यवान आहे हा माझा विश्वास आहे; परंतु त्याचे सामर्थ्य सिद्ध करण्यासाठी लेकरू आपल्या हाती दिलेले नाही.

तसेच हे साहाय्य केवळ आपल्या मंडळीतील घरांपुरते नसावे. शोमरोनी माणसाने वाटेवर पडलेल्याची जात अथवा उपासना विचारली नाही. जे घर ख्रिस्ती नाही तेथेही जावे, आणि तेथे सेवेच्या मागे आमिष नसावे. "आमच्या उपासनेस याल तर आम्ही येऊ" असा सौदा करणाराने सुवार्तेची सेवा केली नाही, तिची किंमत लावली. आपण का येतो असे कोणी विचारले तर प्रभूचे नाव निःसंकोच सांगावे. न विचारले तर हातांनी केलेले पुरेसे आहे.

आणखी एक गोष्ट कठीण असली तरी बोलली पाहिजे. चांगुलपणाच्या नावाखाली दुष्टपणाही येऊ शकतो. बौद्धिक अपंगत्व असणाऱ्यांबरोबर एका घरात राहण्याची ‘लार्श’ ही चळवळ ज्यां व्हानिये ह्यांनी १९६४ साली फ्रान्सात सुरू केली, आणि वर सांगितलेल्या ‘फेथ अँड लाइट’च्या स्थापनेतही त्यांचा हात होता. जगाने त्यांस संत मानले. ते २०१९ साली वारले. आणि २०२० साली त्याच संस्थेने करविलेल्या चौकशीत उघड झाले की त्यांनी आत्मिक मार्गदर्शनाच्या मिषाने अनेक स्त्रियांचा लैंगिक गैरफायदा घेतला होता. त्या स्त्रिया अपंग नव्हत्या; तरी ह्यातून धडा स्पष्ट आहे. संस्थेने ते लपविले नाही, हे योग्य केले. आपणही कोणाच्या भक्तीवर विसंबून डोळे मिटू नयेत. जे लेकरू बोलून सांगू शकत नाही त्याच्याजवळ कोणीही एकट्याने, बंद दाराआड, राहू नये. म्हणूनच मी वर जोड्या म्हटले. काही वावगे दिसल्यास मंडळीच्या अब्रूसाठी झाकू नये; २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांस कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू लेकराच्या अंगापेक्षा मोठी नाही.

शेवटी कोणी विचारील, "अशाने ते कुटुंब परावलंबी होणार नाही काय?" मी उलट विचारतो : आपणांपैकी स्वावलंबी कोण आहे? बाळंतपणात शेजारीण आली, मयतीत खांदेकरी आले, पेरणीस सावड झाली. ह्यांतून कोणी पांगळा झाला नाही, गाव उभा राहिला. अपंग लेकराच्या घराची सावड तेवढी आपण मोडली आहे. ती पुन्हा जोडावी इतकेच.

आणि पाचव्या वचनाचा एक अर्थ अजून राहिला. प्रत्येकाने आपले गाठोडे वाहावे, असे प्रेषित म्हणतो. प्रभूपुढे आईबापांस त्यांच्या गाठोड्याविषयी विचारले जाईल, आणि बहुधा ती माउली निर्भय उभी राहील. पण आपल्या गाठोड्यात काय असेल? मला वाटते, शेजारच्या रुतलेल्या गाडीस खांदा लावणे हेच मंडळीचे आपले गाठोडे होय. ते तिच्याऐवजी दुसरा कोणी वाहणार नाही. अशा रीतीने दुसरे वचन आणि पाचवे वचन एकाच उंबरठ्यावर येऊन मिळतात. एकमेकांचे ओझे उचलणे हाच आपला भार आहे, आणि तो प्रभूचा असल्यामुळे हलका आहे.

तर येत्या रविवारी उपासनेनंतर प्रत्येक मंडळीच्या वडिलांनी एक यादी करावी : आपल्या गावात अशी घरे किती? मग दोघांनी, फार नव्हे, दोघांनी, एका दारी जावे, हाती पत्रके न घेता, आणि आत बसून विचारावे, "बाई, हे ह्यास केव्हापासून आहे? तुम्हांला कोणत्या वेळी आम्ही आलेले सोयीचे पडेल?" आणि जी वेळ ती सांगेल ती पाळावी. एकदा जाऊन परत न जाणे हे न जाण्याहून वाईट आहे.

प्रभू आपल्या सर्वांस ऐकणारे कान आणि नेम पाळणारे पाय देवो. आमेन.